जेवतं, तरी खंगतं : डुकराच्या पिल्लांचा सर्को रोग

(सामुदायिक रेडिओवर आमच्या गटाने केलेलं भाषण)

आज बोलायची पाळी आमच्या बचत गटाची आहे. याआधी शेळीच्या करडांवर बोलणं झालं, परसातल्या कोंबड्यांवर झालं. आज आम्ही डुकरांवर बोलणार आहोत. डुक्कर म्हटलं की काही जणी नाक मुरडतील, हे आम्हाला माहीत आहे. पण ज्यांची चूल डुकरांवर पेटते त्यांनी हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐका. शेळ्या-कोंबड्यावाल्यांनीही ऐका. शेवटी जे सांगणार आहोत ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

आमच्या गटात आम्ही 12 जणी. त्यातल्या 5 जणींकडे डुकरं आहेत. आमच्या सासवांच्या काळात गावातून मोकळी फिरणारी काळी डुकरं असायची. आम्ही गटातून कर्ज काढून पांढऱ्या, यॉर्कशायर जातीच्या माद्या आणल्या. पत्र्याचा वाडा बांधला, खाली सिमेंट केलं. मादी एका वेताला 8-10 पिल्लं देते आणि वर्षात दोनदा विते. पिल्लं विकून कर्जाचा हप्ता जातो, पोरांच्या शाळेचं भागतं. हिशोब बरा बसत होता.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तिघींच्या माद्या आगेमागे व्याल्या. पिल्लं दीड महिन्याची झाली तेव्हा आम्ही ठरवलं की तिघींनी तीन ठिकाणी राबण्यापेक्षा सगळी पिल्लं एकाच वाड्यात टाकू. एकीने त्यांचं खाणं-पाणी बघायचं, बाकीच्यांनी कणी, भरडा आणि पेंडीचे पैसे द्यायचे. आईचं दूध तोडलं आणि एकाच दिवशी सगळी पिल्लं एका वाड्यात सोडली. ती दिवसभर भांडली, एकमेकांना चावली, रात्री एका कोपऱ्यात ढीग करून झोपली. आम्हाला वाटलं, होतील सरळ.

दोन-अडीच आठवडे बरे गेले. मग एक पिल्लू मागे पडायला लागलं. खायला येत होतं, पण अंगी लागत नव्हतं. पाठीचा कणा वर आला, बरगड्या मोजता येऊ लागल्या, डोकं तेवढं मोठं दिसायला लागलं. अंगावरचे केस राठ होऊन उभे राहिले. लहान मुलाला मुडदूस झाल्यावर दिसतं तसं ते दिसत होतं. चार दिवसांनी दुसरं तसंच, मग तिसरं. एकाच आईची दोन पिल्लं शेजारी उभी केली तर एक गुबगुबीत आणि एक काटकुळं.

आता इथे आमची पहिली चूक सांगतो. आम्ही रोगाचा विचारच केला नाही. आम्ही माणसाचा विचार केला. पिल्लं खंगतात म्हणजे खाणं कमी पडतंय, आणि खाणं कमी पडतंय म्हणजे जिच्या ताब्यात पोती आहेत ती कणी घरी नेत असणार. हे कुणी तोंडावर बोललं नाही, पण नळावर बोललं गेलं आणि तिच्या कानावर गेलं. पुढच्या बैठकीला ती आली नाही. घरी बोलवायला गेलो तर म्हणाली, "पोती मोजून घ्या आणि वाड्याची किल्लीपण घ्या." ती आमच्या गटाची सर्वांत जुनी बाई. गट स्थापन झाला तेव्हापासून एकही हप्ता तिने चुकवलेला नाही.

दुसरी चूक याहून मोठी आहे. ती सांगायला आम्हाला वेळ लागला, पण सांगणार आहोत. पिल्लं मरायला लागली तसा आमचा धीर सुटला. तोवर दोन मेली होती. आम्हाला वाटलं, मेल्यावर शून्य, त्यापेक्षा बाजारात जे येईल ते. जरा बऱ्या दिसणाऱ्या चार पिल्लांना आंघोळ घातली, भरपूर पाणी पाजून आठवडे बाजारात नेलं आणि कमी भावात विकली. घेणाऱ्या बाईने विचारलं, "बारकी का आहेत?" आम्ही म्हणालो, "शेवटच्या सडावरची आहेत, खाल्ल्यावर भरतील."

महिन्याभराने ती बाई आमच्या गावात आली. शेजारच्या गावच्या गटातली निघाली. आमच्याकडची चारही मेली होतीच, पण तिच्या घरची पिल्लंही खंगायला लागली होती. ती भांडायला आली नव्हती. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का?"

आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही. आज हे भाषण करतोय ते त्या प्रश्नामुळे.

आता रोगाचं सांगतो. तिसरं पिल्लू मेलं तेव्हा आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. डॉक्टर आले, ताजं मेलेलं पिल्लू त्यांनी चिरून पाहिलं. आपल्या पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, तशा गाठी पिल्लाच्या जांघेत सुजल्या होत्या. आतड्याजवळच्या आणि फुप्फुसाजवळच्या गाठीही मोठ्या झाल्या होत्या. फुप्फुस स्पंजासारखं मऊ असायला हवं, ते रबरासारखं घट्ट लागत होतं. डॉक्टरांनी तुकडे घेऊन प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला : सर्को विषाणू.

हा विषाणू म्हणजे काय, हे आम्ही त्यांच्याकडून समजून घेतलं. जनावरांच्या विषाणूंमध्ये हा अगदी लहानांतला लहान. त्याच्या आतलं बीजद्रव्य बांगडीसारखं गोल असतं, म्हणून नाव सर्को. याच्या दोन भावंडांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिला सर्को 1974 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत सापडला. तो निरुपद्रवी, डुकराला काही करत नाही. दुसरा मात्र घातकी. कॅनडाच्या पश्चिम भागात 1991 च्या सुमारास दूध तोडलेली पिल्लं अशीच खंगू लागली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या पशुवैद्यांनी या रोगाचं वर्णन केलं. मग युरोपात आणि आशियात तो सापडला. आपल्या देशातही अनेक राज्यांतल्या डुकरांमध्ये तो आढळला आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॅनडात हा रोग पहिल्यांदा दिसला तो चांगली निगा राखलेल्या, एरवी निरोगी कळपात. तेव्हा "घाणीत राहतात म्हणून रोग येतो" असं कुणी आपल्याला हिणवलं तर मान खाली घालायचं कारण नाही. घाण वाईटच, घाणीने रोग वाढतो. पण हा रोग गरिबाच्या वाड्यात जसा येतो तसा श्रीमंताच्या फार्मवरही येतो.

तो करतो काय? पिल्लाच्या अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते, तिच्या छावण्या म्हणजे या गाठी. सर्को विषाणू त्या छावण्यांतच शिरतो. फौज दुबळी झाली की दुसरे रोग आत घुसतात. कुणाला न्यूमोनिया होतो, कुणाला हगवण लागते. म्हणून एकाच वाड्यात एक पिल्लू धापा टाकतं, दुसरं पातळ हगतं, तिसरं नुसतं पांढरं फटक पडतं. एखाद्याला कावीळही होते. आपल्याला वाटतं चार रोग आले. पण दार उघडणारा एकच असतो.

आणखी एक. हा विषाणू अंगात असलेलं प्रत्येक जनावर आजारी पडत नाही. पुष्कळ डुकरांच्या अंगात तो असतो आणि ती धडधाकट दिसतात. मग आजार केव्हा उठतो? पिल्लावर एकदम ताण आला की. आईचं दूध तुटलं, वेगवेगळ्या आयांची पिल्लं एकत्र आली, गर्दी झाली, भांडणं झाली, गार वारा लागला, त्यातच दुसरा एखादा रोग आला, की हा डोकं वर काढतो. आम्ही तिघींची पिल्लं एका दिवशी दूध तोडून एका वाड्यात सोडली, म्हणजे त्याला आमंत्रणच दिलं. कणी चोरणारी बाई यात कुठेच नव्हती. पिल्लं पोटभर खात होती आणि तरी खंगत होती.

बैठकीत आम्ही सगळ्या जणी तिच्या घरी गेलो आणि तिची माफी मागितली. किल्ली तिच्याकडेच राहिली.

आता खुणा सांगतो. हा रोग साधारण दीड महिन्यापासून चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांत दिसतो. आईला पिणारं लहान पिल्लू सहसा वाचतं, कारण चिकातून त्याला आईची शक्ती मिळालेली असते. ती शक्ती ओसरू लागते आणि त्याच सुमारास दूध तुटतं. खंगणं, केस उभे राहणं, अंग फिकं पडणं, धाप, हगवण आणि जांघेतल्या गाठी, या खुणा. सगळी पिल्लं एकदम मरत नाहीत. आज एक, चार दिवसांनी एक, असं आठवडेच्या आठवडे चालतं. म्हणूनच आपण फसतो. एकदम दहा मेली असती तर आपण त्याच दिवशी डॉक्टरकडे धावलो असतो.

याच विषाणूशी जोडलेले आणखी दोन प्रकार आहेत. एकात थोड्या मोठ्या, वाढत्या डुकरांच्या मागच्या पायांवर आणि ढुंगणाच्या बाजूला लाल-जांभळे डाग उठतात, मूत्रपिंडं सुजतात आणि जनावर थोड्या दिवसांत दगावू शकतं. दुसरा प्रकार गाभण मादीचा. ती उशिरा गाभ टाकते, किंवा मेलेली, वाळून काळी पडलेली पिल्लं टाकते.

आता इथे नीट कान द्या. अंगावर जांभळे डाग डुकरांच्या तापातही येतात, ज्याला स्वाइन फीवर म्हणतात, आणि आफ्रिकन स्वाइन फीवरमध्येही येतात. हे दोन्ही रोग फार भयंकर. त्यांत सडकून ताप येतो, लहान-मोठी सगळी डुकरं पडतात आणि वाडा काही दिवसांत रिकामा होऊ शकतो. आफ्रिकन स्वाइन फीवर आपल्या देशात 2020 साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा आला आणि नंतर इतर राज्यांत पसरला. डोळ्यांनी बघून डाग कशाचे ते ओळखता येत नाही. तेव्हा "सर्को असेल, आम्ही रेडिओवर ऐकलंय" असं म्हणून घरी बसू नका. डाग दिसले, ताप आला किंवा मोठी डुकरं मरू लागली, की त्याच दिवशी दवाखान्याला कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा फोन नंबर आहे. जनावरांच्या साथरोगांसाठी 2009 चा कायदा आहे, आणि स्वाइन फीवर व आफ्रिकन स्वाइन फीवर दोन्ही त्यात आहेत. असा रोग आल्याचा संशय असेल तर कळवणं मालकाचं काम आहे.

तपासणी का करायची, तेही सांगतो. नुसता विषाणू सापडला म्हणून रोग सर्कोचाच, असं म्हणता येत नाही, कारण निरोगी डुकरातही तो सापडतो. बाहेरच्या खुणा दिसायला हव्यात, गाठींमध्ये बिघाड दिसायला हवा आणि त्या बिघाडात विषाणू सापडायला हवा. तिन्ही जुळलं तर खात्री. म्हणून मेलेलं पिल्लू उकिरड्यावर फेकू नका. सावलीत ठेवा, लगेच कळवा. ताजं असेल तरच तपासता येतं. पुण्याला औंध इथे पशुसंवर्धन खात्याची रोग तपासणीची प्रयोगशाळा आहे. नमुने डॉक्टरांच्या हातून पाठवायचे असतात. जंत झाले की पिल्लं खंगतात, सिमेंटवर वाढलेल्या पिल्लांना लोह कमी पडलं की तीही फिकी पडतात. या गोष्टी सोप्या औषधाने बऱ्या होतात. तेव्हा आपल्या मनाने निकाल लावू नका.

आता सगळ्या जणी विचारतात, औषध काय? विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते मागून घुसलेल्या न्यूमोनिया-हगवणीसाठी असतं. दुकानातून आपल्या मनाने इंजेक्शन आणून टोचू नका. पैसे जातात, आणि औषध दिलेलं जनावर लगेच कापलं तर ते औषध खाणाऱ्याच्या पोटात जातं. किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

लस मात्र आहे. 2006 पासून अमेरिका-कॅनडाकडच्या मोठ्या फार्मांवर ती सर्रास टोचू लागले आणि तिथली मर खूप कमी झाली. ती पिल्लाला साधारण तीन आठवड्यांचं झाल्यावर, म्हणजे आजार उठायच्या आधी टोचतात. खंगलेल्या पिल्लाला टोचून उपयोग नाही. ती आपल्याला मिळेल का, केवढ्याला, कधी टोचायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. एका बाटलीत पुष्कळ मात्रा असतील तर एकटीला परवडत नाही. गटाने मिळून घेतली तर जमतं. आणि एक गल्लत करू नका. स्वाइन फीवरची लस वेगळी, सर्कोची वेगळी. एक टोचली म्हणजे दुसऱ्याचं काम झालं असं नाही.

लस नसली तरी हात बांधून बसायचं कारण नाही. लस निघायच्या आधी फ्रान्समध्ये हा रोग फार माजला होता. तिथले पशुवैद्य फ्रांस्वा मादेक यांनी वीस नियमांची यादी केली. त्यात औषध जवळपास नाहीच. सगळे नियम आहेत ते वाडा कसा ठेवायचा, पिल्लं कशी हाताळायची याचे. जे पाळत गेले त्यांच्याकडची मर कमी झाली. त्यातलं आपल्या वाड्यात जमण्यासारखं सांगतो.

एक. एका आईची पिल्लं एकत्रच ठेवा. दूध तोडताना पिल्लांना हलवण्यापेक्षा आईला हलवा. पिल्लं आपल्या जागी, आपल्या भावंडांत राहिली की निम्मा ताण वाचतो. एका आईला जास्त झालेली पिल्लं दुसरीला लावायची तर पहिल्या दिवसातच लावा, नंतर अदलाबदल करू नका.

दोन. गर्दी करू नका. लहान कप्पे करा. कप्प्यांमधली भिंत भरीव हवी, नाकाला नाक लागता कामा नये, कारण विषाणू नाकाच्या पाण्यातून, थुंकीतून, शेणा-मुतातून पसरतो. गव्हाण एवढी लांब ठेवा की सगळ्या पिल्लांना एका वेळी तोंड घालता येईल.

तीन. एक तुकडी विकली की कप्पा पूर्ण रिकामा करा. मोठी आणि लहान पिल्लं मिसळू नका. मागे राहिलेलं मोठं पिल्लू लहानांत सोडायची आपल्याला सवय असते, ती मोडा. तेच पिल्लू रोग पुढच्या तुकडीला देतं.

चार. कप्पा धुताना आधी शेण खरवडून काढा, मग सोडा किंवा साबणाने घासा, वाळू द्या आणि त्यानंतर ब्लीचिंगचं पाणी मारा. हा क्रम महत्त्वाचा. शेणावर ब्लीचिंग ओतलं तर त्याची ताकद शेणातच जाते. करोनाच्या वेळी आपण शिकलो की साबणाने विषाणू मरतो. त्या विषाणूला वरून चरबीचं वेष्टण होतं, ते साबणाने फुटायचं. सर्कोला तसं वेष्टण नाही, म्हणून तो चिवट आहे आणि बाहेर दीर्घकाळ टिकतो. साबणाने तो मरत नाही, साबणाने फक्त घाण निघते. स्पिरिटचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. फिनेलच्या वासावर विसंबू नका. वास आला म्हणजे वाडा शुद्ध झाला असं नाही. कॉस्टिक सोडाही चालतो, पण तो कातडी जाळतो. हातमोजे आणि गमबूट घालूनच वापरा, पोरं-जनावरं लांब ठेवा. ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्याने विषारी वायू होतो. धुतल्यावर कप्पा कोरडा होऊ द्या, ऊन लागू द्या आणि मगच नवी पिल्लं आणा.

पाच. सुई बदला. आपल्याकडे एकच सुई सगळ्या पिल्लांना टोचतात. रक्तातून रोग जातो. निदान एका आईच्या पिल्लांना एक सुई, पुढच्यांना दुसरी. खच्ची करायचं ब्लेड तसंच.

सहा. नवीन जनावर आणलं की तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. आधी आपल्या जनावरांचं काम करा, मग त्याचं. मादीला फळवायला गावोगाव फिरणारा नर आणला जातो. सर्को नराच्या वीर्यातूनही येऊ शकतो. नर कुठून आला, त्या वाड्यात पिल्लं मरतात का, हे विचारून घ्या.

सात. आजारी पिल्लू दिसलं की त्याच दिवशी वेगळं काढा, ऊब द्या, पाणी आणि मऊ खाणं द्या. त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा आणि नंतर हात-पाय धुवा, चप्पल बदला. मेलेलं पिल्लू विहीर-ओढ्यापासून लांब खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांनी उकरता कामा नये.

आठ. हॉटेलचं किंवा लग्नाचं खरकटं घालत असाल तर उकळी आल्यावर निदान अर्धा तास शिजवा, आणि डुकराचं मटण त्यात अजिबात नको. हे मुख्यतः स्वाइन फीवरसाठी सांगतोय. पण एक रोग अडवला की सर्कोचा जोरही कमी पडतो.

नऊ. दर आठवड्याला पिल्लं जोखा. आम्ही पिल्लू पोत्यात घालून स्प्रिंगच्या काट्याला लटकवतो आणि वहीत लिहितो. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते. डोळ्याला दिसायच्या आधी वही सांगते की अमक्या पिल्लाचं वजन वाढलं नाही. त्याच दिवशी ते वेगळं निघतं.

माणसाला हा रोग होत नाही, याची चिंता करू नका. पण मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या जनावराचं मटण खाऊ नका, विकू नका. त्यात दुसरं काय असेल सांगता येत नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. हे आमच्या शेळी-कोंबडीवाल्या मैत्रिणींसाठीही आहे. आजारी जनावर आपण का विकतो? आपण वाईट आहोत म्हणून नव्हे. हप्ता डोक्यावर असतो, घरचे विचारतात पैसे कुठे गेले, आणि तोटा एकटीच्या अंगावर येतो. सांगितलं तर बुडतो आणि लपवलं तर निदान चार पैसे येतात. जोवर हिशोब असा आहे तोवर कितीही भाषणं केली तरी आजारी पिल्लू बाजारात जाणारच, आणि एका वाड्यातला रोग दहा वाड्यांत पोचणार.

म्हणून आम्ही गटात तीन ठराव केले. पहिला, पिल्लं खंगायला लागली हे जी बाई पहिल्या आठवड्यात गटाला सांगेल तिला कर्जाच्या हप्त्याला तीन महिन्यांची सवलत, दंड नाही. दुसरा, दर महिन्याला प्रत्येक डुकरामागे थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकायचे. आजारी म्हणून विकलं नाही आणि मेलं, तर त्या डब्यातून निम्मी भरपाई. पैसे थोडेच असतात, पण सांगणारी एकटी पडत नाही. तिसरा, वाड्यात आजार असताना तिथलं एकही जनावर बाजारात न्यायचं नाही. कुणी घ्यायला घरी आलं तर खरं सांगायचं.

शेजारच्या गावच्या त्या बाईचे पैसे आम्ही सगळ्यांनी मिळून परत केले. तिच्या घरच्या पिल्लांचे नाही देऊ शकलो, तेवढे आमच्याकडे नव्हते. तिने घेतले, मोजले नाहीत. पुढच्या महिन्यात डॉक्टरांना आम्ही गटात बोलावलं तेव्हा तिलाही तिच्या गटासकट बोलावलं. लसीची बाटली आता दोन्ही गट मिळून मागवायची असं ठरलं आहे. ती आमच्याशी पहिल्यासारखी बोलते असं आम्ही म्हणणार नाही. पण बोलते.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. आपल्या वाड्यात जाऊन दोन ते चार महिन्यांच्या पिल्लांकडे नीट बघा. एखाद्याच्या पाठीवरून हात फिरवा. हाडं हाताला लागली, केस उभे असले, जांघेत गाठ लागली, तर ते वेगळं करा आणि दवाखान्याला कळवा. मग गटाच्या बैठकीत उभं राहून सांगा. आणि तुमच्या गटात कुणी असं सांगितलं, तर "खायला घालत नसशील" असं म्हणू नका. आम्ही म्हणालो होतो.